‘पुरावा आहे’ एवढंच कानावर येतं तेव्हा

मी ज्या पतसंस्थेत हिशेबनीस होतो, तिथल्या कर्जवाटपात अपहार झाल्याची फिर्याद दाखल झाली. फिर्यादीत माझं नाव नव्हतं, तरी मला चौकशीला बोलावणं येऊ लागलं. तपासी अंमलदार नाडी बांधलेल्या फायलीवर हात ठेवून म्हणायचे, “काका, तुमच्याविरुद्ध पुरावा आहे आमच्याकडे. काय आहे ते कोर्टात कळेल.” ती फाईल माझ्यासमोर कधी उघडली गेली नाही. मोबाइल जप्त झाला, बँक खातं गोठवलं गेलं, गावात कुजबुज सुरू झाली. अटक मात्र झाली नाही आणि दोषारोपपत्रही नाही. अशा टांगत्या तलवारीखाली जे दिवस काढतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तपास चालू असताना हातातला पुरावा संशयिताला दाखवायला पोलीस बांधील नाहीत. केस डायरी तर आरोपीलाही मागता येत नाही. दोषारोपपत्र दाखल झालं की मग जबाब, पंचनामे, कागदपत्रं यांच्या प्रती आरोपीला विनामूल्य द्याव्याच लागतात. तोवर न पाहिलेल्या पुराव्याला उत्तरं देत बसू नका. “सांगून टाका, साक्षीदार करतो,” असं कोणी म्हणालं की घाबरलेला माणूस अंदाजाने खुलासे करत सुटतो आणि त्याच खुलाशांतून त्याच्याविरुद्धचं प्रकरण उभं राहतं. स्वतःला गोवणारं उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ने आरोपीला दिला आहे.

बोलावणं लेखी मागा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 179 ची नोटीस साक्षीदाराला येते, कलम 35 ची संशयिताला. कागदावरचा तो आकडा आधी वाचा. कलम 35 ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. रीतसर नोटीस आली तर मात्र हजर राहाच, गैरहजेरी अटकेचं कारण ठरू शकते.

जबाबाच्या शेवटी ठरलेली ओळ असते: ‘माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे टंकलिखित केला असून तो बरोबर व खरा आहे.’ ती तिथे असते म्हणून वरचं सगळं तुम्हीच बोललात असं धरू नका, ओळ न् ओळ वाचून घ्या. पोलिसांपुढच्या अशा जबाबावर सही करण्याची सक्ती कायद्यात नाही.

मोबाइल घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. ही मोबाइलमधल्या माहितीची आकड्या-अक्षरांतली खूण. आतली माहिती जराशी बदलली तरी खूण बदलते. भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या संगणकात फायली बाहेरून घुसवल्या होत्या, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या बाजूने तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने 2021 मध्ये मांडला. एनआयएने तो अमान्य केला, पण आपल्या डेटाची खूण पहिल्याच दिवशी नोंदली जाणं किती मोलाचं आहे, ते त्यावरून कळावं. तुम्ही स्वतः मात्र काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. जप्त वस्तू आणि खात्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलीस ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह.

कोठडीत असलेल्याचे दिवस कायदा मोजतो. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क असतो. फिर्यादीला तपासाची प्रगती 90 दिवसांत कळवावी लागते. ज्याला अटकच नाही आणि ज्याच्यावर आरोपही नाही, त्याला काही कळवण्याचं बंधन कोणावर नाही. हा मला उघड अन्याय वाटतो. निदान जप्त मोबाइल आणि गोठवलेल्या खात्याबाबत तरी संहितेत ठरावीक मुदत यायलाच हवी.

पैशांअभावी वकील करायचं टाळू नका. पात्र व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तर उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइनचा क्रमांक 15100 आहे. पहिल्या जबाबाला जाण्याआधीच तिथे फोन करा.