आजोबांना अंघोळीनंतर हुडहुडी का भरते?

थंडीच्या दिवसांत दादरचा पाहुणा बदलापूरला मुक्कामाला आला, की पहाटे जादा पांघरूण मागतो. रेल्वेने अंतर अवघे ६० किलोमीटरच्या आसपास. मग फरक कशाचा? पाण्याचा विशिष्ट उष्मा माती-खडकांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून समुद्र रात्री सावकाश निवतो आणि किनाऱ्याला ऊब देतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे समुद्रापासून आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत. तेथे जमीन रात्री लवकर निवते. शिवाय हिवाळ्यात जमिनीकडून येणारा वारा कोरडा असतो. हा कोरडेपणा ध्यानात ठेवा.

आता न्हाणीघराकडे वळू. अंगावर ऊन पाणी पडत असते तोवर आजोबा खुशीत असतात. हुडहुडी भरते ती शेवटचा तांब्या ओतून झाल्यावर! अंगावर उरलेल्या पाण्याची वाफ होऊ लागते. त्वचेवरील १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, अंगावर ५० ग्रॅम पाणी राहिले आणि ते तसेच वाळू दिले. लागणारी उष्णता ५० × ५८० = २९,००० कॅलरी. एवढ्या उष्णतेने १ लिटर पाणी २९ अंशांनी तापेल! यातील काही हवेतून मिळते, पण बरीचशी अंगातूनच जाते. हवा कोरडी असली, की हे सारे झपाट्याने घडते.

तुम्हीआम्ही हा तोटा चटकन भरून काढतो. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. वृद्धांच्या रक्तवाहिन्या तितक्या तत्परतेने आकसत नाहीत, स्नायूही कमी झालेले असतात. थंडीची जाणीवसुद्धा बोथट होते. ‘मला नाही रे थंडी वाजत’ म्हणणाऱ्या आजीचे हात एकदा धरून पाहा.

यावर घरोघरी एकच उपाय होतो: पाणी आणखी कडकडीत! हा उपाय चुकीचा आहे. फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येते. शिवाय ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत भाजते. म्हातारपणी त्वचा पातळ झालेली असते. ३८ ते ४० अंश पुरेसे. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम ओता, आणि तापमापी नसेल तर कोपर बुडवून पाहा. विसण मागाहून घालायची आपली जुनी रीत येथे उलटी केलेली बरी.

ऊब पाण्यात नव्हे, हवेत हवी. पहाटेऐवजी अकरा-बाराला अंघोळ घाला. आधी दोन तांबे गरम पाणी फरशीवर ओता. फरशी कोमट होते आणि हवा दमट झाल्याने बाष्पीभवन मंदावते. मग ती फरशी निसरडी राहू देऊ नका. आजोबांना स्टुलावर बसवा. कोरडा टॉवेल आतच ठेवा आणि दार उघडण्यापूर्वी अंग पुसून घ्या. डोके शेवटी धुवा.

मात्र ऊब राखायची म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद करून आत गॅसचा गीझर किंवा कोळशाची शेगडी पेटवणे जिवावर बेतते. ऑक्सिजन अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा. विजेची कांडी वापरत असाल, तर बटण बंद करून ती काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

शाळेतून दोन तापमापी मिळाल्या तर एक प्रयोग करा. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरी कोरडी ठेवा. सकाळी सहाला व दुपारी बाराला न्हाणीघरात दोन्हींचे अंश आठवडाभर वहीत मांडा. दोहोंतील फरक जितका जास्त, तितका त्या वेळी टॉवेल लवकर लागेल.