अळंबीसाठी काड कोणते घ्यावे?

धिंगरी अळंबी घरात लावता येते. तिला माती लागत नाही. ती वाळलेल्या काडावर वाढते.

मग काड कोणते घ्यावे? आपल्या खानदेशात काय निघते ते पाहू. दादरचा कडबा हा गुरांचा घास. तो गुरांनाच ठेवू. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पाने पुष्कळ. ती चालतात. गव्हाचे, सोयाबीनचे काड चालते. पऱ्हाटी चुलीत जाते. बारीक कुटली तर तीही चालते. मात्र नुकतीच फवारणी झालेल्या पिकाचे काड घेऊ नये. ते विष आपल्या पोटात येईल.

काड यंदाचे आणि कोरडे असावे. भिजून काळे पडलेले टाकून द्यावे. का? अळंबी ही बुरशीच. काडावर आधीच दुसरी बुरशी असली, तर ती अळंबीला वाढू देत नाही.

काडाचे दोन-दोन बोटांचे तुकडे करावे. रात्रभर भिजवावे. सकाळी तासभर कढत पाण्यात ठेवावे. मग निथळून मूठ आवळून पाहा. हात ओला झाला, पण पाणी टपकले नाही, की काड तयार! थंड झाल्यावर बी मिसळावे.

आपला उन्हाळा अळंबीला सोसत नाही. हिवाळ्यात लावू. एक किलो वाळल्या काडावर साधारण अर्धा ते एक किलो अळंबी निघते. उरलेल्या काडाचे खत होते.