पाकीट आहे का?

मे उजाडला की स्टुटगार्ट आणि आसपासच्या मराठी घरांतून मला तेच ते फोन सुरू होतात. झिंडेलफिंगेन, ब्योब्लिंगेन, फॉयरबाख. मुलगी ट्युबिंगेनला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, फोनवर मात्र बाबा. "एका मोठ्या लॉ फर्ममध्ये माझी ओळख आहे. तिथे उन्हाळ्याचं प्राक्टिकुम (इंटर्नशिप) केलं की पुढचं पक्कं ना?"

नाही. मोठ्या फर्म आधी बघतात ते श्टाट्सएक्झामेनचे, म्हणजे कायद्याच्या सरकारी परीक्षेचे, गुण. १८ पैकी ९ मिळाले तरी पेढे वाटावेत अशी ती परीक्षा. नव्वद टक्क्यांच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायलाच वर्ष जातं. ओळखीने मिळालेले चार आठवडे त्या गुणांची भरपाई करत नाहीत. माझ्याकडे येणारी एक मुलगी अशाच एका फर्ममध्ये महिनाभर करारांची पानं क्रमाने लावत बसली. कॉफी उत्तम होती, म्हणाली.

सुट्टीत एकूण किमान तीन महिन्यांचं प्राक्टिकुम इथे सक्तीचंच आहे. न्यायालय, सरकारी कचेरी, वकील हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझा हट्ट एवढाच, की त्यातला एक महिना ना-नफा संस्थेत काढा. शहरातच फरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे ग्राहक केंद्र आहे, भाडेकरूंची संघटना आहे. विद्यापीठांतून निर्वासितांना सल्ला देणारी लॉ क्लिनिक चालतात. (१९३५ च्या एका कायद्यामुळे परवान्याशिवाय नियमित फुकट कायदेशीर सल्ला देणंही इथे बेकायदा होतं. तो २००८ मध्ये गेला, तेव्हा कुठे वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना वाट मोकळी झाली.) प्रमाणपत्र चालेल ना, हे मात्र आधी परीक्षा कार्यालयाला विचारून घ्या.

अशा संस्थेत काय शिकायला मिळतं? समोर एक आजीबाई, हातात मानबेशाइड, म्हणजे पैसे भरा असा न्यायालयाचा आदेश. अख्ख्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गचे हे आदेश स्टुटगार्टच्या आम्ट्सगेरिश्टमधून, म्हणजे तिथल्या कनिष्ठ न्यायालयातून, निघतात, आणि दावा खरा की खोटा हे त्या टप्प्यावर कोणी तपासतच नाही. हरकत घ्यायला दोन आठवडे. पण कधीपासून? ती तारीख पोस्टमनने पिवळ्या पाकिटावर लिहिलेली असते, आणि पाकीट आजींनी केव्हाच कचऱ्यात टाकलेलं. पुस्तकात ही मुदत एका वाक्यात संपते. अशी एक आजी भेटली की पुढच्या प्रत्येक माणसाला मुलगी बसायच्या आधी विचारते, "पाकीट आहे का?"

"पण पैसे देत नाहीत!" सक्तीच्या प्राक्टिकुमला किमान वेतनाचा कायदा कुठेच लागू नाही. फर्मने दिले तर ती फर्मची मर्जी. खरं दुखणं वेगळं असतं, ते दुसऱ्या फोनला बाहेर येतं: मुलगी निर्वासितांमध्ये बसते, लोक काय म्हणतील? राहण्याच्या परवान्याचे कागद छातीशी धरून आपणही इथल्या रांगांत उभे राहिलोय, साहेब.

पुण्यातल्या भाच्याला इथे आणायचं म्हणता? जर्मन येत नसेल तर आजींचं पत्र तो वाचणार कसा? भारतात बार कौन्सिलच्या नियमांत कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे इंटर्नशिप आहे, आणि ती कुठे करायची त्या यादीत स्वयंसेवी संस्थाही आहेत. मुंबई ग्राहक पंचायत आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेचा कैद्यांसाठी १९९० पासून चालणारा 'प्रयास' आहे. त्याने आधी तिथे विचारावं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत खरी, पण म्हणून भाच्याला मावशीकडे धाडायलाच हवं असं नाही.

जुलैअखेर व्याख्यानं संपतात, ती ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू होतात. गणपतीची तिकिटं काढण्याआधी मुलीला तिच्या तारखा विचारा. आणि अर्ज तिचा तिलाच लिहू द्या. परवा एक तपासायला आला. जर्मन निर्दोष, मांडणी नेटकी. फाइलच्या नावात आईचं नाव होतं.