पाळक बदलताना मंडळीचे कर्तव्य

शास्त्रभाग : गणना २७:१२-२३, प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८
पाठांतरासाठी वचन : २ तीमथ्य २:२

जुना पाळक जाण्याचा व नवा येण्याचा प्रसंग प्रत्येक मंडळीवर केव्हा ना केव्हा येतोच. कधी बदली होते, कधी वयोमानाने निवृत्ती येते, कधी प्रभू आपल्या सेवकाला विसाव्यास बोलावितो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी दोन तट पडतात, दानाची थैली रोडावते आणि प्रभुभोजनाच्या मेजाजवळही माणसे एकमेकांकडे पाहीनाशी होतात. हे दुखणे नवे नाही, आणि त्यावरील औषधही शास्त्रात सांगितलेले आहे.

१. मोशेची काळजी

वचनदत्त देशात तुझा प्रवेश होणार नाही, असे देवाने मोशेला सांगितले. तेव्हा त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. त्याला गेर्षोम व अलियेजर असे दोन पुत्र होते. त्यांच्यासाठीही त्याने जागा मागितली नाही. ही मंडळी मेंढपाळावाचून राहू नये, एवढीच त्याची विनवणी होती. देवाने यहोशवाचे नाव सांगितले. हा यहोशवा लोकांस अनोळखी नव्हता. अमालेकाशी झालेल्या लढाईत तो पुढारी होता व कनान देश हेरावयास गेलेल्या बारांतही तो होता. म्हणजे अधिकार मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे तो काम शिकत होता.

हा अधिकार कसा सोपविला गेला, तेही पाहा. मोशेने त्याच्यावर हात ठेवले. हे कृत्य एलाजार याजकासमोर व सर्व मंडळीदेखत झाले. मोशेने आपल्या मानाचा काही भाग त्याला दिला, आणि हे सर्व मोशे जिवंत असतानाच घडले. शिवाय यहोशवाने याजकाच्या द्वारे देवाचा कौल घेऊन चालावे, असेही ठरले. नव्या पुढाऱ्याला अधिकार मिळाला, परंतु मनास येईल तसे वागण्याची मोकळीक मिळाली नाही.

पुढे यहोशवाने कोणावर हात ठेवल्याचे शास्त्रात आढळत नाही. त्याच्या पिढीमागून परमेश्वराला न ओळखणारी पिढी उठली, असे शास्ते २:१० सांगते. शमुवेलासारख्या थोर सेवकाने आपल्या पुत्रांना न्यायाधीश नेमिले. ते लाच घेऊ लागले, आणि लोकांनी राजा मागितला. यावरून दिसते की, पुढचा सेवक तयार न करणे हे जितके घातक, तितकेच सेवा घराण्यात ठेवू पाहणेही घातक आहे.

२. पौलाचा निरोप

पौलाने इफिसच्या वडिलांना मिलेतास बोलावून घेतले. आपली पुन्हा भेट होणार नाही, हे त्याने त्यांना उघडपणे सांगितले. आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरिला नाही, असा हिशेबही त्याने दिला. मग त्याने त्यांना देवाच्या व देवाच्या वचनाच्या हाती सोपविले. ते रडले, परंतु त्यांनी त्याला अडविले नाही, जहाजापर्यंत पोहोचविले. मंडळीने निरोप कसा द्यावा, याचा हा कित्ता होय.

३. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणे

अमेरिकन मिशनचे पहिले सेवक १८१३ साली मुंबईस आले; अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील काम १८३१ साली सुरू झाले. १८५४ साली हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत विनायक मोडक ह्या दोघांस तेथे पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा व सुवार्ता आपण पसरवावी, हे त्यांचे प्रतिपादन होते. मिशनरी त्याच गावी राहिले, पण व्यासपीठ देशी पाळकाच्या हाती गेले. मात्र अधिकार लवकर आला तरी वेतनासाठी परदेशाकडे पाहणे पुष्कळ काळ सुटले नाही. खर्चाचा भार स्वतः उचलल्यावाचून मंडळीची वाढ पुरी होत नाही, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण नारायण वामन टिळकांचे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारिला, आणि १९१९ साली ते निवर्तले. सहकारी तयार होण्यास पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत, आणि दरबाराचे तेज त्यांच्यामागे फार काळ राहिले नाही. त्यांची भक्तिगीते मंडळीने उचलिली व ती आजही गाते. जे अनेकांच्या हाती गेले ते टिकले.

४. पाळी बदलण्याचा दाखला

आमच्या नायगावात, परळात व लालबागेत एके काळी गिरण्यांचा भोंगा वाजला की पाळी बदलत असे. पहिल्या पाळीचा कामगार आपला माग दुसऱ्याच्या स्वाधीन करी व घरी जाई. माग त्याचा नव्हता, सूत त्याचे नव्हते. तो खात्यात रेंगाळून दुसऱ्याच्या हातातील धोटा ओढीत नसे. १९८२ च्या संपानंतर एकेक करून ते भोंगे थांबले, तरी दाखला खरा आहे. कळप धन्याचा आहे. आपल्याला केवळ एक पाळी मिळाली आहे.

५. प्रत्यक्ष काय करावे

जाणाऱ्या पाळकाने बाप्तिस्म्याचे व लग्नाचे रजिस्टर, रोकडवही, जागेची कागदपत्रे व किल्ल्या पंचांसमक्ष यादी करून द्याव्यात. पुढे जुन्या मंडळीतील लग्न वा अंत्यविधी नव्या पाळकाच्या बोलावण्यावाचून त्याने करू नये. येणाऱ्याने पहिल्याच वर्षी सर्व रीती मोडू नयेत व मागच्याची निंदा कानावर घेऊ नये. मंडळीने, "आमचे जुने पाळकसाहेब असे करीत नसत," हे वाक्य काही काळ तोंडातच ठेवावे. ज्या मंडळीची स्वतंत्र नोंदलेली विश्वस्त संस्था आहे, तिने विश्वस्त बदलल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. ह्या आळसातून मंडळीचे भांडण कचेरीत जाते आणि दानाचा पैसा सुवार्तेऐवजी तारखांवर खर्ची पडतो.

विचारासाठी प्रश्न

१. मोशेने आपल्या मानाचा काही भाग यहोशवाला दिला. आपल्या मंडळीतील वडील तरुणांना कोणते काम देतात?
२. आपला पाळक उद्या गेला, तर रविवारची उपासना कोण चालवील?
३. पाळकाच्या वेतनाचा किती भार आपण स्वतः उचलतो?

प्रार्थना : हे थोर मेंढपाळा, जाणाऱ्यास सोडण्याचे, येणाऱ्यास झेलण्याचे व आम्हांस एकत्र राहण्याचे मन दे. आमेन.