सड्यावर जाताना

चि. सई,


रत्नागिरीत प्रवेश मिळाला, राहायची सोयही झाली, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. ताडोब्याच्या सफारीसाठी तू पैसे साठवते आहेस, असंही ती म्हणाली. वाघ जरूर बघ. पण ज्या गावात आता तुझी तीन वर्षं जाणार आहेत, त्याच्या आजूबाजूला मैलोन् मैल सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, आहेत. रानाची ओळख तिथून करून घे, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिलात गेलीस तर सडा म्हणजे नुसता काळा, तापलेला कातळ वाटेल. सरकारदप्तरी अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक म्हणूनच असते. तू वनस्पतिशास्त्र शिकणार आहेस, म्हणून सांगते, या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, त्यात नत्र जवळपास नाहीच. चार महिने पाण्याखाली, आठ महिने रखरखाट. एवढ्या अडचणीत जगायचं म्हणून इथल्या झाडोऱ्याने ज्या युक्त्या शोधल्यात, त्या मोठ्या जंगलातही बघायला मिळणार नाहीत. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुलं येतात. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, कारण ती इथलीच. श्रावण-भाद्रपदात गेंदाचे पांढरे गोंडे आणि त्यांच्यात मिसळलेली सीतेची आसवं. या आसवांजवळ गुडघे टेकून बस आणि भिंग काढ. फुलाच्या खाली, ओल्या मातीत, बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की दार उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. मातीत नत्र नाही, म्हणून ही वनस्पती ते असं मिळवते. शेजारी दवबिंदू नावाचं रोप असेल. त्याच्या चिकट केसांवर अडकलेली चिलटं तुला नुसत्या डोळ्यांनीही दिसतील.

सड्याचा एकच तुकडा निवड आणि बाराही महिने तिथेच जा. सलीम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा असाच पाठपुरावा केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते, मग नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याला लागतो. सुगरण रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. फक्त कुणी इतका वेळ बसलं नव्हतं.

उन्हाळ्यात टिटवी उघड्या कातळावर, चार खड्यांच्या आडोशाने अंडी घालते. खड्यांत ती इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की फोटोसाठी थांबू नकोस, आल्या पावली मागे फिर. भर उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तू तिथे उभी असशील तोवर तिला अंड्यांवर बसता येणार नाही, आणि तापल्या कातळावर अंड्यांना फार वेळ टिकाव धरता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सड्यावरचा दगड उलटू नकोस. कुतूहल मला कळतं, पण त्याच्याखाली एक अख्खं घर असतं आणि दगड परत ठेवला तरी ते पूर्वीसारखं होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून देवगांडुळाची एक नवी जात 2003 मध्ये जगापुढे आली. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर. असे आणखी किती जीव या कातळांखाली असतील, सांगता येत नाही. दुसरं कारण तुझ्या जिवाचं. त्याच दगडाखाली फुरसं असतं, लाल विंचू असतो. घोट्यापर्यंतचे बूट घाल, संध्याकाळनंतर विजेरीशिवाय पाऊल टाकू नकोस, दिसत नाही तिथे हात घालू नकोस. कुणाला साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. लाल विंचवावरही आता उपाय आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले. मांत्रिकाकडे घालवलेला तासच माणसाला मारतो, हे सोबतच्या मैत्रिणींनाही सांगून ठेव. आणि ऑक्टोबरात दुपारी ढग गडगडले की फुलं सोडून खाली उतर. मोकळ्या कातळावर सगळ्यात उंच तूच असशील.

फोटो काढ, पण खवले मांजराची किंवा दुर्मीळ कंदाची जागा कुठेही टाकू नकोस. खवल्यांसाठी या मुक्या प्राण्याची शिकार होते, आणि शिकारीही फोन बघतात.

एखाद्या रविवारी राजापूरकडच्या कशेळीचं कातळशिल्प बघून ये. प्रचंड हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. कोकणातल्या काही कातळांवर तर गेंडाही आहे. ज्यांनी हे कोरलं त्यांनी तो पाहिलेला असणार. आज इथे गेंडा नाही. त्या चित्रापुढे जरा वेळ थांब.

गुरं चारणाऱ्या काकांशी, भाजी खुडणाऱ्या आज्यांशी बोल. कोणती भाजी कोणत्या पावसात उगवते, कोल्ह्याची वाट कुठून जाते, हे त्यांना पाठ असतं. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला येतं, हेही ते सांगतील. तरीही चिऱ्याच्या खाणी वाढताहेत, सुरुंग लावून, माती भरून आंब्याच्या बागा उभ्या राहताहेत. बागायतदाराचं पोट मला दिसतं. पण सडा एकदा फोडला की कुठल्याही रोपवाटिकेतून परत आणता येत नाही.

म्हणून एक काम तुझ्याकडे मागते. वही ठेव. तारीख, फूल, पक्षी, पाऊस, जे दिसेल ते लिही. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वर्ष पुरं झालं की तुझ्या नोंदी घेऊन त्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि त्या नोंदवहीत चढवून घ्यायला लाव. लाजू नकोस, सरपंचांना दोनदा भेटावं लागलं तरी भेट.

तुझी,
मावशी