आजीचे पायतन

तुम्ही पायात काय घालता? तुम्ही म्हणाल, चप्पल. बरोबर आहे. पण माझी आजी चप्पल म्हणत नाही. ती पायतन म्हणते.

मागच्या आठवड्यात गुरुजींनी पायात घालायच्या वस्तूंची नावे विचारली. कोणी बूट सांगितले, कोणी सँडल सांगितली. मी पायतन म्हणाले तर सगळी मुले हसली. एक जण म्हणाला, "अडाणी शब्द आहे." मला लई वाईट वाटले. आजी शाळेत गेलेली नाही हे खरे आहे, म्हणून मला ते जास्तच लागले.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारले, "देवळाच्या पाटीवर काय लिहिलेले असते?" मी सांगितले, "पादत्राणे बाहेर काढावीत." मग त्यांनी तो शब्द फळ्यावर फोडून दाखवला. पाद म्हणजे पाय. त्राण म्हणजे रक्षण. डोक्याचे रक्षण करते ते शिरस्त्राण, तसे पायाचे रक्षण करते ते पादत्राण. हा संस्कृत शब्द आहे. लोकांच्या बोलण्यात पादचा पाय झाला. तसेच पादत्राणचे पायताण झाले आणि आमच्या घरी पायतन. म्हणजे पाटीवरचा शब्द आणि आजीचा शब्द एकच निघाला! मग कोणी हसले नाही.

रक्षण कशापासून, ते मेहरूणच्या मुलांना सांगायला नको. आपल्या मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत, पण बोरीला काटेही असतात. ते जोडीने असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. मी एकदा अनवाणीच बोरे वेचायला पळाले. आजी मागून ओरडत होती, "पायतन घाल माय, काटा भरीन!" मी ऐकले नाही. टाचेत काटा मोडला. आजीने तो सुईने काढला. काढताना ती म्हणाली, तिच्या लहानपणी तिला पायतनच नव्हते. उन्हाळ्यात जमीन तापली की ती पायाला पळसाची पाने बांधून शेतात जायची.

हे मी गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी अजून एक शब्द दिला, वहाण. तो संस्कृतातल्या उपानह् या शब्दापासून आला. त्यातल्या नह् चा अर्थ बांधणे. पायाला बांधतात ती वहाण. मग आजीची पळसाची पानेसुद्धा वहाणच झाली, असे मला वाटते.

जोडा हा शब्द सोपा आहे. दोन असतात म्हणून जोडा. माझ्या भावाची एक चप्पल हरवली, तेव्हापासून त्याच्याकडे जोडा नाही! अजून एक शब्द आहे, पण तो भांडणात ऐकू येतो, म्हणून इथे लिहीत नाही.

चप्पलला कन्नडमध्ये चप्पली म्हणतात आणि तेलुगूत चेप्पु. कोल्हापुरी चप्पलही दोन्ही राज्यांची आहे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांना मिळून.

माझा दादा कॉलेजात जातो. तो त्याच्या रबरी तळाच्या बुटांना स्नीकर म्हणतो. इंग्रजीत स्नीक म्हणजे चोरपावलांनी जाणे. रबराचा आवाज होत नाही म्हणून अमेरिकेत हे नाव पडले. दादा रात्री उशिरा येतो तेव्हा मला ते पटते.

घरी जाऊन मी पळतच आजीला सांगितले, "आजी, तुझा पायतन शब्द संस्कृतातून आलाय!" आजी भाकरी थापत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "आला असीन. पण चुलीजवळ पायतन घालून आली तू. आधी ते बाहेर काढ."

(इयत्ता 4 थी, मेहरूण)