उष्णतेचे उदाहरण सोडवताना

माझा विषय इतिहास. सायंकाळच्या अभ्यासिकेत माझे काम केवळ देखरेखीचे. तरीही मागे एकदा बारावीची एक विद्यार्थिनी भौतिकशास्त्राची वही घेऊन माझ्याकडे आली. उदाहरण असे होते : एका बंद टाकीतील वायूचा दाब २७ अंश सेल्सिअसला २ बार आहे, तापमान १२७ अंश केल्यास दाब किती होईल? तिने १२७ ला २७ ने भागून २ ने गुणले आणि उत्तर लिहिले, ९.४ बार. “सर, सूत्र तर पाठ आहे, मग उत्तर का जुळत नाही? विज्ञान मला जमणारच नाही बहुतेक.”

हे शेवटचे वाक्य मला अस्वस्थ करून गेले. ज्या घरात दहावीच्या पुढे कोणी शिकलेले नाही, तिथल्या मुलाला शंका विचारायला जागा नसते. मग एका चुकलेल्या उत्तरावरून ते संपूर्ण विद्याशाखाच सोडून देते.

मी तिला एवढेच विचारले, “तुझ्या रीतीने शून्य अंशाला दाब किती येईल?” तिने गणित केले. उत्तर आले शून्य. “म्हणजे काश्मीरच्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीच्या चाकातला दाब नाहीसा होतो का?” ती हसली आणि स्वतःच म्हणाली, “शून्यच चुकीचे धरले.”

सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. ती माणसाने सोयीसाठी मारलेली खूण. वायूला तिचे काय? १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी दाखवले की, दाब कायम ठेवला तर सर्व वायू उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. हे प्रमाण शून्य अंशाच्या आकारमानाच्या सुमारे १/२७३ इतके, दर अंशाला. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडली. तिच्यानुसार २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि १२७ अंश म्हणजे ४००. गुणोत्तर ४/३, दाब २.६७ बार.

दुसरी अडचण ऊर्जेच्या हिशेबाची. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे एके काळी विद्वानही मानत. १७९८ मध्ये रम्फर्ड यांनी म्युनिकमधील तोफा कोरतानाचे निरीक्षण मांडले : घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. पुढे सॅलफर्डच्या एका मद्यउत्पादकाचे पुत्र जेम्स ज्यूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. त्यांच्याकडे विद्यापीठातील पद नव्हते. १८४३ च्या कॉर्क येथील सभेत त्यांच्या मांडणीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ते मोजतच राहिले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर, १ किलो पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे ४,१८६ ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे १० किलोचे वजन जवळजवळ ४३ मीटर खाली उतरताना जेवढे कार्य करील तेवढी.

यातूनच उष्मागतिकीचा पहिला नियम उभा राहिला. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने दट्ट्या ढकलून २०० ज्यूल कार्य केले, तर आंतरिक ऊर्जा ३०० ज्यूलने वाढली. भौतिकशास्त्रात वायूने केलेले कार्य धन मानतात. रसायनशास्त्रात वायूवर केलेले कार्य धन मानतात. त्यामुळे एका पुस्तकात वजाबाकी दिसते, तर दुसऱ्यात बेरीज. हिशेब एकच, पण हे कोणी सांगितले नाही, तर मूल दोन्ही सूत्रे पाठ करते आणि दोन्हीकडे चुकते.

म्हणून उदाहरण सोडवताना आधी दिलेल्या राशी एककांसह लिहाव्यात. तापमान केल्विनमध्ये आणावे. दाब, आकारमान, तापमान यांपैकी काय स्थिर आहे ते ठरवावे. कार्य कोणी कोणावर केले ते शब्दांत लिहावे. सूत्र त्यानंतर. आणि शेवटी, आलेले उत्तर संभवते का, हे स्वतःला विचारावे.

माजी विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकजण आज अभियंते, तंत्रज्ञ, शिक्षक आहेत. शाळेत याल तेव्हा सायंकाळचा एक तास अभ्यासिकेत बसा. पालकहो, सूत्र येत नसले तरी “हे उत्तर तुला पटते का?” एवढे तर आपण घरीही विचारू शकतो. त्या मुलीला मीही तेवढेच विचारले होते.